पटावरची फौज आणि तिचा बाजार

चाकूरहून अहमदपूर ओलांडून नांदेडचा रस्ता धरला की वाटेत माळेगाव लागते. मार्गशीर्षाच्या अखेरीस तिथे खंडोबाची यात्रा भरते. देवदर्शन, कुस्त्या, लावणीचे फड आणि जोडीला घोड्यांचा, गाढवांचा, जनावरांचा मोठा बाजार. विकायला आलेला, घ्यायला आलेला आणि नुसता बघायला आलेला अशी सगळी माणसे तिथे एकत्र फिरतात. नुसता बघणारा एखाद्या घोड्याजवळ जरा जास्त रेंगाळतो आणि बघता बघता गिऱ्हाईक होतो.

इंग्लंड-अमेरिकेत गेली साठ वर्षे अशीच एक यात्रा भरत आली आहे. तिथले घोडे दोन-तीन इंचांचे आणि धातूचे असतात, आणि बाजार असतो फौजांचा. मोठ्या सभागृहात लांबलचक मेजे मांडलेली, त्यांवर टेकड्या, नद्या, गावे, आणि त्यांमधून सरकणाऱ्या इंचभर उंचीच्या सैनिकांच्या पलटणी. खेळाडू टेपने अंतर मोजतात, फासे टाकतात, नियमांचे पुस्तक उघडून वाद मिटवतात. भिंतीलगत व्यापाऱ्यांची दुकाने. याला इंग्रजीत वॉरगेमिंग म्हणतात, आपण युद्धखेळ म्हणू. या खेळाचे कूळ शोधत मागे गेले तर आपण आपल्याच मुलखात येऊन पोहोचतो.

मूळपुरुष अर्थातच चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे पटावर उतरली. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात या खेळाचा उल्लेख केला. पुढे ११२९च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाला जागा मिळाली. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, उदगीरच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या सीमेत. पेशवाईच्या अखेरीसही आपल्याकडे या खेळाचे जाणते होते. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या तिरुवेंगडाचार्य शास्त्रींचा बुद्धिबळावरचा ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापला गेला.

बुद्धिबळ थोर खेळ आहे, पण लढाईच्या तीन गोष्टी त्यात नाहीत. पट सगळीकडे सारखाच असतो, त्यात चढ नाही की चिखल नाही. दोन्ही खेळाडूंना सगळे दिसते, शत्रूची एकही सोंगटी झाकलेली नसते. आणि मारले म्हणजे मेलेच, घोड्याने प्याद्यावर उडी मारली आणि प्यादे तगले असे कधी होत नाही. रणभूमीवर मात्र जमीन, अज्ञान आणि नशीब हे तिन्ही सेनापतीच्या मानगुटीवर बसलेले असतात. युद्धखेळाचा पुढचा इतिहास या तीन उणिवा एकेक करून भरून काढण्याचा आहे.

जमीन आली १७८० मध्ये. जर्मनीतल्या ब्रन्सविकचे गणिताचे प्राध्यापक हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट वाढवून १६१७ घरांचा केला आणि घरांना रंग दिले. एका रंगाचे घर डोंगर, दुसऱ्याचे पाणी, तिसऱ्याचे जंगल. सोंगट्यांच्या चालींत बुद्धिबळाची आठवण शिल्लक होती, पण आता घोडदळाला दलदलीला वळसा घालून जावे लागे. तोफ कुठे ठेवायची हा प्रश्न पटावर पहिल्यांदाच खरा झाला.

अज्ञान आणि नशीब आणले प्रशियातल्या राइसवित्स पिता-पुत्रांनी. वडिलांनी १८१२ मध्ये राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याच्यासाठी एक मेज-कपाट करून दिले. त्याच्या खणांत प्लास्टरचे भूभागाचे तुकडे होते, ते जुळवून हवे ते रणांगण मांडता येई. तोफखान्यात लेफ्टनंट असलेल्या मुलाने त्याहून मोठे काम केले. १८२४ मध्ये त्याने घरे काढून टाकली आणि खेळ लष्करी नकाशावर आणला. नकाशाचे प्रमाण होते एकास आठ हजार. तांबड्या आणि निळ्या धातूच्या पट्ट्या म्हणजे दोन फौजा. एक चाल म्हणजे युद्धातली दोन मिनिटे. गोळीबाराचा परिणाम फासा ठरवी. मधोमध बसे पंच, आणि सगळी किमया या पंचात होती. खेळाडू आपले हुकूम लिहून त्याच्याकडे देत, आणि ज्या सैनिकांना शत्रू दिसू शकेल तेवढाच शत्रू पंच नकाशावर ठेवी. टेकडीपलीकडची फौज टेकडीपलीकडेच राहू लागली.

हा खेळ पाहून प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग इतके भारावले की त्यांनी तो सैन्यभर पोहोचवला. कर्त्याच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. धाकट्या राइसवित्सने १८२७ मध्ये आत्महत्या केली. पुढे १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवले, तेव्हा या विजयाचे रहस्य शोधणाऱ्या इतर देशांच्या सैन्यांनीही हा खेळ उचलला. जमिनीची प्रतिकृती करून मोहीम समजून घ्यायची ही रीत सैन्यात आजही पक्की आहे. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. अशा प्रशिक्षणात वाळूवर टेकड्या, ओढे, वाटा मांडून जवानांना कारवाई समजावण्याला सँड मॉडेल म्हणतात. राजासाठी केलेल्या त्या मेजाचे ते जवळचे नातलग.

सैन्यातला खेळ घरात आला तो खेळण्यांच्या वाटेने. १८९३ मध्ये इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने पोकळ ओतीव शिशाचे सैनिक काढले. भरीव जर्मन सैनिकांपेक्षा ते स्वस्त पडत, त्यामुळे मध्यमवर्गी घरांत पलटणी जमू लागल्या. १९१३ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांनी लिटल वॉर्स हे पुस्तक लिहून त्यांना नियम दिले. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळी मारायची, पडेल तो मेला. वेल्स शांततावादी होते. खोट्या लढाईतला गोंधळ एकदा अनुभवला की खऱ्या लढाईचा वेडेपणा कळतो, असे त्यांचे मनापासूनचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

इथून कुळाची चौथी पिढी सुरू होते, आणि यात्रेचा जन्म याच पिढीतला. १९५० च्या दशकात प्रौढ माणसे हा खेळ गांभीर्याने खेळू लागली, पण ती विखुरलेली होती. एका शहरात एक, दुसऱ्यात दोन. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबी नावाचा गृहस्थ स्वतः सैनिक ओतून विकू लागला आणि १९५७ पासून वॉर गेम डायजेस्ट हे नियतकालिक काढून त्याने या एकट्यांना जोडले. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनचे फिजिओथेरपिस्ट डोनाल्ड फेदरस्टोन यांनी १९६२ मध्ये वॉर गेम्स हे पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आपल्या शहरात देशभरच्या खेळाडूंना बोलावले होते. ब्रिटनमधला हा अशा प्रकारचा पहिला मेळावा मानला जातो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स यांनी एक सभागृह भाड्याने घेऊन जेन कॉन भरवले. त्याच गायगॅक्सनी डेव्ह आर्नेसनबरोबर १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ काढला, तोही युद्धखेळाच्याच पोटातून निघालेला. लंडनमध्ये साउथ लंडन वॉरलॉर्ड्स या क्लबने १९७२ मध्ये सुरू केलेला सल्यूट हा मेळावा अजून भरतो. जर्मनीत एसेनला १९८३ पासून भरणाऱ्या मेळाव्यात युद्धखेळांबरोबर सगळेच पटावरचे खेळ येतात, आणि तिथली गर्दी आता दोन लाखांच्या घरात जाते.

या मेळाव्यांत व्यापारी केवळ सोयीसाठी आलेला नसतो, त्याच्यावाचून खेळच चालत नाही. रबराच्या साच्यात मऊ धातू ओतून सैनिक करणारा कारागीर बहुधा एकटा किंवा घरचे दोघे-तिघे मिळून काम करणारा. नेपोलियनच्या काळातल्या एखाद्या छोट्या राज्याचे पायदळ घेणारी माणसे प्रत्येक शहरात मोजकीच. त्यासाठी बाजारपेठेत गाळा घेणे परवडत नाही, पण सगळे गिऱ्हाईक एका दिवशी एका छपराखाली आले तर वर्षाचे गणित बसते. गिऱ्हाइकालाही सैनिक हातात घेऊन पाहायचा असतो. आपल्या जुन्या फौजेशेजारी हा उंच दिसेल की ठेंगणा, तलवार बारीक असून मोडेल का, हे चित्रावरून कळत नाही. म्हणून अनेकजण आधी मागणी नोंदवून मेळाव्यात माल ताब्यात घेतात. शिवाय एक मेज असते जुन्या वस्तूंचे. कुणी खेळ सोडला, कुणाला जागा पुरेना, तो आपली रंगवलेली आख्खी फौज तिथे ठेवतो. यजमान क्लब विक्रीवर थोडे कमिशन घेतो आणि त्या पैशांतून पुढचा मेळावा उभा राहतो.

बघ्यासाठीही तिथे जागा राखलेली असते. काही मेजे फक्त दाखवायची, तर काहींवर कोणीही बसावे, फौज यजमानाने द्यावी, नियम पाच मिनिटांत सांगावेत. मराठा घोडदळाच्या भाषेत बोलायचे तर स्वतःची फौज घेऊन येणारा शिलेदार, आणि यजमानाच्या घोड्यावर बसणारा बारगीर. बारगिराचा शिलेदार व्हावा म्हणूनच हा सारा खटाटोप. रीतिरिवाजही ठरलेले. दुसऱ्याच्या सैनिकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, उचलायचा तर तळाच्या चकतीला धरून उचलायचा, कारण रंगात कुणाच्या कित्येक रात्री गेलेल्या असतात.

महाराष्ट्रात याच्या अगदी जवळची परंपरा आहे ती दिवाळीच्या किल्ल्याची. पुण्या-साताऱ्याकडे मुले माती-दगडांचे किल्ले उभारतात, आणि दिवाळीआधी बाजारात मातीचे मावळे, घोडेस्वार, सिंहासनावरचे महाराज विकायला येतात. म्हणजे भूभाग आहे, सैनिक आहेत, विक्रेता आणि बघेही आहेत. नाही तो समोरचा खेळाडू, आणि नाहीत नियम व पंच. आपले मावळे बुरुजावर पहारा देतात, त्यांना कधी निर्णय घ्यावा लागत नाही. इतिहासावर एवढे प्रेम करणाऱ्या समाजाने ही एक पायरी चढायला हवी असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी पहिला पट कोणता मांडावा याचे उत्तर चाकूरच्या परिसरातच आहे.

१७६० च्या सुरुवातीला हैदराबादचा निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांची फौज उदगीरला होती. त्यांना गाठायचे होते धारूर, कारण तिथे त्यांची आणखी फौज होती. सदाशिवरावभाऊंच्या मराठा फौजेला ही भेट होऊ द्यायची नव्हती. आता नकाशा घ्या आणि उदगीर ते धारूर सरळ रेघ ओढा. ती चाकूरजवळून जाते आणि मांजरा नदीच्या उत्तरेनेच राहते. प्रत्यक्षात ३ फेब्रुवारी १७६० ला निर्णायक घाव बसला तो औशाच्या बाजूला, मांजरेच्या पलीकडे, या रेघेच्या बऱ्याच दक्षिणेला. पुस्तकात आपण एवढेच वाचतो की निजाम हरला आणि त्याने साठ लाखांचा मुलूख, दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसह सोडून दिला. ती फौज त्या सरळ वाटेवर का राहू शकली नाही, हा प्रश्न पटावर बसल्याशिवाय मनात येत नाही.

पटावर बसले की तो टाळता येत नाही. निजामाच्या खेळाडूला तोफा, बाजारबुणगे, बैल आणि जखमी घेऊन रोज किती कोस चालायचे ते ठरवावे लागते. चारा कुठे मिळेल? मराठा घोडदळाच्या टोळ्या कुठे आहेत ते त्याला ठाऊक नसते, पंचाला ठाऊक असते. मराठा खेळाडूपुढे वेगळा पेच. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ सावकाश चालणार, स्वार चपळ. तोफांची वाट पाहायची की घोडी सोडायची? उदगीरचे श्रेय सर्रास गारद्याच्या तोफांना दिले जाते, पण इतिहासकार ग्रँट डफच्या वर्णनात शेवटचा तडाखा घोडदळाचा आहे. हा वाद किरकोळ नाही. जानेवारी १७६० मध्येच उत्तरेत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. उदगीरनंतर परतूरच्या मुक्कामी भाऊंना उत्तरेत पाठवायचे ठरले, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर तेच भाऊ, तोच गारदी आणि तोफा की स्वार हाच पेच पुन्हा उभा राहिला. उदगीरला नेमके कशाने जिंकले हे समजले तर पानिपतावर घेतलेले निर्णय समजायला वाट मिळते.

यासाठी शिशाची फौजही लागत नाही. लातूर आणि बीड जिल्ह्यांचा मोठा नकाशा, पुठ्ठ्याचे तांबडे-निळे तुकडे, दोन फासे, दोन खोल्यांत बसलेले दोन गट आणि त्यांच्यामध्ये चिठ्ठ्या नेणारा एक जाणता पंच, एवढ्यावर कोणत्याही शाळेत किंवा कॉलेजात हा खेळ उभा राहतो. मारुती-मुंज्याच्या देवळांपासून ओढ्या-नाल्यांपर्यंत सगळी जमीन ओळखीची असलेली मुले खेळायला बसली, तर प्रशियाच्या अधिकाऱ्यांना नकाशावरून जे शिकावे लागले त्यातले पुष्कळ त्यांना आधीच येत असेल. तीन गावांतल्या तीन शाळांनी तो मांडला की चौथी बघायला येईल, कुणी कुंभार स्वार घडवून आणेल, कुणी नियमांची वही छापेल. साउथॅम्प्टनचा मेळावाही असाच थोड्या हौशी माणसांनी सुरू केला होता. सुरुवातीला तारीख हवी असेल तर ३ फेब्रुवारी आहेच.