श्रमदानाची तारीख

मराठीत ‘वेठ’ हा शब्द ‘श्रमदान’ या शब्दाहून कितीतरी जुना आहे. संस्कृतातल्या ‘विष्टी’पासून तो आला. राज्याला किंवा गावाला मोबदल्यावाचून द्यावी लागणारी मेहनत म्हणजे विष्टी. पुढे फारसीतला ‘बेगार’ त्याच्या शेजारी येऊन बसला आणि ‘वेठबिगार’ असा जोडशब्द तयार झाला. ‘श्रमदान’ त्या मानानं कालचा. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून रस्ता, विहीर, शाळेची खोली अशा कामांसोबत तो सरकारी कागदांवर पक्का झाला. लांबून पाहणाऱ्याला वेठ आणि श्रमदान सारखंच दिसेल: तीच माणसांची रांग, हातोहात सरकणारी तीच घमेली, मजुरी दोन्हीकडे नाही. मग फरक कशात? मन लावून केलं की श्रमदान आणि मनाविरुद्ध केलं की वेठ, हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण मन बाहेरून दिसत नाही. दिसते ती तारीख. कामाचा दिवस कोणी ठरवला आणि कामाची वही कोणाच्या हातात आहे, यावरून वेठ आणि श्रमदान ओळखता येतात.

महार वतनाचं उदाहरण घ्या. सरकारी टपाल पोचवणं, अंमलदाराचं ओझं वाहणं, मेलेलं ढोर ओढणं, मयताची वर्दी परगावी देणं, अशी कामं त्या वतनावर लादलेली होती. त्यांना ठरलेली वेळ नव्हती. हाक आली की उठायचं, वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाकडून मिळणारं बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. हे वतन माणसाला त्याच्या दिवसाचा मालक होऊ देत नाही, ही बाबासाहेब आंबेडकरांच्या टीकेची धार होती. १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा बदलण्यासाठी त्यांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. वतन कायद्यानं संपवायला मात्र १९५८ साल उजाडलं. त्याआधी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हा जमलेल्यांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या हाकेला धावलेली माणसं तिथं स्वतः ठरवलेल्या दिवशी, स्वतःच्या कामासाठी, हजारोंनी एकत्र आली. सामूहिक स्वयंसेवेचं दलित कूळ शोधायचं तर मी या दिवसापाशी थांबेन.

याच कुळाची दुसरी शाखा समुद्रापार आहे आणि मराठी माणसाला ती परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्यांना. त्या अमेरिकेत, फुल्यांच्याही आधी, १७८७ साली फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स या दोघांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. दोघेही गुलामीतून सुटलेले. नियम साधा होता: प्रत्येकानं दरमहा चांदीतला एक शिलिंग द्यायचा आणि वर्ष भरल्यावर कोणी अडचणीत आलाच, तर त्याला आठवड्याला ३ शिलिंग ९ पेन्स मिळायचे. काल-परवापर्यंत ज्यांचा प्रत्येक दिवस मालकाच्या मालकीचा होता, त्यांनी महिन्याची एक देणगी, एक बैठक आपल्या नावावर लिहून घेतली. १७९३ मध्ये शहरात पिवळ्या तापाची साथ आली आणि सुमारे पाच हजार माणसं गेली. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, अशी तेव्हा चुकीची समजूत होती, म्हणून त्यांना मदतीला बोलावलं गेलं. सोसायटीच्या लोकांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, प्रेतं उचलली, आणि त्यांच्यातलेही कितीतरी त्याच तापानं मेले. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकानं आरोप केला की, यांच्यातल्या काहींनी रोग्यांना लुबाडलं. जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ साली पुस्तिका काढून उत्तर दिलं आणि तीत आलेल्या-गेलेल्या पैशांचा हिशेब मांडला. दरमहा वही लिहायची सवय असलेल्या संस्थेलाच असा हिशेब मांडता येतो.

इथे कोणी म्हणेल, आपल्याकडे सावड आणि इर्जिक पूर्वापार होतीच, मग कूळ इतक्या दूर शोधायचं कशाला? हे खरंच आहे, आणि सावड ही फार सुंदर चाल होती. आज तुझ्या शेतात माझी जोडी, उद्या माझ्या शेतात तुझी. इर्जिकीत सगळ्या गावाची औतं एकाच्या शेतात उतरायची आणि तो सगळ्यांना जेवू घालायचा. पण सावड फेडायला स्वतःचं शेत लागतं आणि इर्जिकीच्या पंगतीत बसायला गावाला आपलं शिवणं चालावं लागतं. ज्याच्याकडे ना जोडी ना शेत, आणि ज्याचं पान वेगळं वाढलं जायचं, त्याच्या श्रमाची नोंद त्या फेडाफेडीत बरोबरीनं होत नव्हती. सावड बरोबरीच्यांची होती, म्हणून तिच्यात न मावलेल्यांना आपली चाल आपणच घडवावी लागली.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो दलित कार्यकर्त्यांच्याच तोंडून येतो: ज्यांच्याकडून शतकानुशतकं फुकट काम करून घेतलं, त्यांनी पुन्हा दान का करावं? विहीर ज्याच्या शेताजवळ, फायदा त्याचा, आणि माती उपसणारा मात्र भूमिहीन, हे श्रमदानाच्या नावाखाली घडलेलं आहे. सिंधुदुर्गातल्या एका माणसाकडे पाहिलं की हा प्रश्न नीट उमगतो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पा पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम आपल्यालाही करू द्यावं, म्हणून त्यांनी उपवास मांडला, आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना साथ दिली. अप्पांची निष्ठा निर्विवाद आहे. पुढे त्यांनी संडासांवर आणि मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर आयुष्य वेचलं. तरीही फरक नजरेआड करता येत नाही. ब्राह्मणानं मागून घेतलेला झाडू सेवा ठरला. ज्याच्या हाती तो जन्मानं आला, त्याच्यासाठी तो खाली ठेवणं हेच पहिलं स्वातंत्र्य होतं. म्हणून माझं उत्तर असं: ज्याला ‘नाही’ म्हणता येतं, त्याचंच काम दान असतं. नकाराचा हक्क आधी, श्रमदान नंतर. महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, हा नकार मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

आणि तारीख दरमहा ठरलेलीच का हवी? एकदाच्या मोठ्या कामाला उत्साह पुरतो, नेहमीच्या कामाला पुरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध वस्त्यांना पौर्णिमेची वंदना मिळाली. महिन्याचा एक दिवस कोणी न बोलावता ठरलेला. कोकणातल्या वाड्यांची मुंबई मंडळं चाळीतल्या खोलीत सतरंजी टाकून बैठका घेत आणि वर्गणी वहीत मांडत आली आहेत. कोकणातली कितीतरी विहारं अशा वर्गणीवर आणि वाडीच्या अंगमेहनतीवर उभी आहेत. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तर ठरलेल्या तारखेवाचून गत्यंतर नाही. १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झालेला हा तालुका गोव्याच्या हद्दीला लागून आहे आणि इथली तरणी पोरं कामाला गोव्यात जातात. आदल्या रात्री दवंडी देऊन सकाळी माणसं मिळायचे दिवस गेले. महिनाभर आधी ठरलेला रविवारच त्यांना घरी आणू शकतो.

अशा एका रविवारचं काम म्हणजे बंधारा. पावसाळा सरला की ओहोळाचं पाणी बारीक होत जातं. तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून, तोंडं शिवून, थरावर थर रचून वनराई बंधारा घालतात. खालचा थर आडवा, वरचा उभा, फटींत चिखल आणि पाला. पंधरा-वीस माणसं असली तर लहान बंधारा एका सकाळीत उभा राहतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आसपासच्या विहिरींना त्याचा आधार होतो. त्या पाण्यावर सगळ्या वाड्यांचा सारखा हक्क आहे. माझी विनंती एवढीच की, यंदाच्या बंधाऱ्याची तारीख ठरवायची बैठक दोडामार्गातल्या गावांनी बौद्धवाडीत घ्यावी, आणि वहीतलं पहिलं पान तिथल्याच कोणाच्या तरी हातानं लिहिलं जावं.