नागपूरचे ऊन आणि मोजणीची साधने

मोजणीच्या साधनाला उन्हापासून जपणे हा विदर्भातील भूमापनाचा जुना भाग आहे. 1802 साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. तापमान एका सेल्सिअस अंशाने वाढले की अशी साखळी सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबते. साडेसात मैलांच्या रेषेवर तो फरक 14 सेंटिमीटरच्या घरात जातो. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवत, वर सावली धरत आणि शेजारी तापमापक मांडून प्रत्येक मापात दुरुस्ती करत. हैदराबादहून नागपूरकडे तळ हलवताना जानेवारी 1823 मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचा मृत्यू झाला आणि तेथेच त्याला पुरले. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने दूरची निरीक्षणे दिव्यांच्या खुणांवर रात्री घेण्याची पद्धत रुजवली. तापलेल्या हवेत दिवसा खुणा थरथरत दिसत, हे त्यामागचे एक कारण होते.

पुढे नागपुरात 1976 साली स्थापन झालेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आणि 1988 साली महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र आले. विमान आणि उपग्रहांतून टिपलेल्या प्रतिमांवर येथे काम होऊ लागले आणि मोजणीचा बराच भाग सावलीत, टेबलावर आला.

ड्रोनने मोजणी पुन्हा उन्हात नेली. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातील मिळकतींच्या हद्दी आधी चुन्याने आखतात आणि मग वरून छायाचित्रे घेतात. अशा कॅमेरा-ड्रोनचे चित्र आणि उड्डाणाची आखणी अनेकदा टॅबलेटवर पाहिली जाते, आणि पडद्याचे हे साधनच साऱ्या संचात उन्हाला सर्वांत हळवे. आयपॅडच्या वापराची मर्यादा कंपनीने 35 अंश दिली आहे. नागपुरात मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता. तापलेला टॅबलेट आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो. बहुतेक ड्रोनचे नियंत्रण हातातल्या रिमोटकडे असल्याने ड्रोन लगेच कोसळत नाही, परंतु चालकाला चित्र दिसेनासे होते.

वेळ निवडणेही सोपे नाही. आखूड सावल्यांसाठी मोजणीला डोक्यावरचा सूर्य हवा, तर टॅबलेटला सकाळ मानवते. तेव्हा पडद्यावर छज्जा लावणे, नकाशे घरूनच उतरवून घेणे, आपोआप होणारी अद्यतने आणि इतर अ‍ॅप बंद ठेवणे, पूर्ण चार्ज करून निघणे आणि दोन उड्डाणांमध्ये टॅबलेट सावलीत ठेवणे एवढे तरी करावेच लागते. गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवणे सर्वांत वाईट. तापलेला टॅबलेट बर्फाला लावणेही घातक, कारण आत दव धरते.

एप्रिल ते जूनमध्ये विदर्भात ड्रोन-मोजणी करवून घेणाऱ्या कार्यालयांनी छत्री आणि दुसरा टॅबलेट यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा.