लाल दगड आणि शहाबादी फरशी

मुघल इमारतींवर लिहिताना आपण बादशहांची नावं आणि सनावळ्या देतो. दगडाबद्दल मात्र 'लाल' एवढं एकच विशेषण लावून पुढे जातो. लाल दगड दिसला की मुघल, असं समीकरणच होऊन बसलंय. खरं तर सारनाथचे चार सिंह, सांचीचा स्तूप, लाल किल्ला आणि दिल्लीचं राष्ट्रपती भवन ही सगळी वालुकाश्माचीच कामं आहेत. यांतला बहुतेक दगड उत्तरेतल्या एकाच विंध्य खडकसमूहातला आहे. आता याच जातकुळीचा दुसरा दगड पाहा. मराठवाड्यापासून पुण्या-मुंबईपर्यंत जुन्या घरांत पायाखाली असलेली शहाबादी फरशी. ती चुनखडकाची.

दोन्ही गाळाचे खडक. थरावर थर साचत, दबत दगड झालेले. त्यामुळे दोन्ही थरांच्या रेषेत फुटतात. फरक आहे तो गाळात. वालुकाश्म म्हणजे वाळूचे, मुख्यतः क्वार्ट्झचे, एकमेकांना चिकटलेले कण. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. चुनखडक म्हणजे शंखशिंपल्यांचा चुरा, असं आपण शाळेत शिकलो. मुंबईच्या ब्रिटिशकालीन इमारतींवरच्या नक्षीतला पोरबंदरी दगड तसाच आहे, सूक्ष्म सागरी कवचांचा. शहाबादी दगड मात्र कवचधारी प्राणी पृथ्वीवर येण्याच्याही आधीचा. उथळ समुद्राच्या तळाशी बसलेला चुन्याचा बारीक चिखल तो. आपला काळा पाषाण नंतर लाव्हा होऊन त्याच्यावर पसरला. लाव्हाचे थर जिथे संपतात, तिथे भीमेच्या खोऱ्यात हा दगड उघडा पडतो.

दोघांतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या घरी अम्मी शहाबादीवर लिंबू पिळू द्यायची नाही, डाग पडतो म्हणून. मोरी धुवायचं ॲसिड सांडलं की फरशी फसफसायची. सिक्रीच्या दगडावर तेच ॲसिड टाकलं तर बहुधा काहीच होणार नाही, कारण वाळू ॲसिडला दाद देत नाही. (हा प्रयोग कृपया तिथे जाऊन करू नये.) चुनखडकाचा हा हळवेपणाच त्याचा उपयोगही आहे. भाजला की त्याचा चुना होतो. म्हणून शहाबाद-वाडी पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आले. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याला 'गरिबांचा ताज' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की घुमट संगमरवरी असला तरी मधल्या भिंती काळ्या पाषाणाच्या आहेत आणि त्यांना पांढरेपणा दिलाय तो चुन्याच्या गिलाव्याने. आणि संगमरवर तरी काय, उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला चुनखडकच.

शहाबादी फरशी घरोघरी पोहोचली यात रेल्वेचा वाटा मोठा. शहाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची लाइन तिथून पुढे १८७१ मध्ये रायचूरला पोचली. दगडासारखा जड माल दूरवर पाठवणं त्यानंतर परवडू लागलं.

लाल दगडाला एवढा प्रवास करावा लागला नाही. फतेहपूर सिक्रीचं काम १५७१ मध्ये सुरू झालं ते दगडाच्याच टेकडीवर. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त या दगडाचं कौतुक केलंय. तो हव्या त्या लांबी-रुंदीचा निघतो, आणि कसबी हात त्यावर लाकडापेक्षा सरस काम करतात, असं त्याचं म्हणणं. सिक्रीतले खांब आणि तुळया पाहताना हे सुतारकाम आहे की दगडकाम, असा प्रश्न पडतो तो उगाच नाही.

पण अबुल फज्ल दरही देतो, आणि मला त्याचं हे पान कौतुकापेक्षा महत्त्वाचं वाटतं. लाल दगड मणाला तीन दाम. (अकबरी मण सुमारे २५ किलोंचा; ४० दामांचा एक रुपया.) दगडावर आखणी करणाऱ्या कारागिराला गजामागे सहा दाम, साधं काम करणाऱ्याला पाच. आणि खाणीत दगड फोडणाऱ्याला मणामागे २२ जितल. एका दामाचे २५ जितल होत. म्हणजे ७५ जितलांच्या दगडात फोडणाऱ्याचे २२, तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. बादशहाच्या दप्तराने हे नोंदवलं याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्या माणसांची नावं मात्र तिथे नाहीत.

फोडणाऱ्याच्या दृष्टीने या दोन दगडांत आणखी एक फरक आहे, जो इमारतींवरच्या पुस्तकांत मला क्वचितच दिसला. वालुकाश्म फोडताना उडणारी धूळ क्वार्ट्झची, म्हणजे सिलिकाची असते. ती फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो. चुनखडकाची धूळही त्रास देते, पण तिच्यात सिलिका सहसा बरीच कमी असते. राजस्थानात करौली, धौलपूर, जोधपूरकडे आजही वालुकाश्माच्या खाणी चालतात. तिथे कोरड्या ड्रिलिंगमुळे धुळीचे लोट उठतात. सिलिकोसिस बरा होत नाही. अनेकांना आधी टीबी समजून औषधं दिली जातात. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये अशा कामगारांसाठी धोरण आणलं. मदत हवी असेल तर नाव नोंदवायचं, छातीचा एक्स-रे काढायचा आणि आजार असल्याचं प्रमाणपत्र मिळवायचं. दगड फोडणाऱ्यांची नावं आता सरकारी दप्तरात येतात, ती अशी.