ओरत्तनाडूचं छत्र

कॉलेजच्या प्रकल्पाला विषय शोधताना मराठी मुलं गडकोटांकडे वळतात. कावेरीकाठच्या मराठी खुणा मात्र उपेक्षित राहतात, याची खंत वाटते.

तंजावरजवळच्या ओरत्तनाडू गावात तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२च्या सुमारास मुक्तांबाळ छत्र, म्हणजे धर्मशाळा, उभारलं. वाटसरूंना जेवण, मुलांना शिक्षण. दगडी जोत्यावर रथाची चाकं आणि रथ ओढणारे घोडे कोरलेत. जणू अख्खी धर्मशाळाच प्रवासाला निघाली आहे.

१८०३मध्ये राजांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसलेकुळाचा इतिहास मराठीत कोरवला. दरबारी कारभाराचे कागद मात्र मोडी लिपीत, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. मोडी शिकलेल्या विद्यार्थ्याला इथे राजांबरोबर छत्रांचा खर्चही भेटतो: तांदूळ, तूप, आचाऱ्यांचे पगार. एका गावाचं एक छत्र, हा विषय पुरेसा मोठा आहे.