मुक्या अक्षरांची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी विद्यार्थ्यावर जीं संकटें येतात, त्यांत ओ, यू, जी, एच् या चार अक्षरांचें संकट पहिल्या प्रतीचें समजलें पाहिजे. हीं अक्षरें याच क्रमानें ज्यांत येतात असे शब्द थोडे नाहींत, आणि त्यांतले बरेचसे नित्याच्या व्यवहारांतले आहेत. 'थ्रू' म्हणजे मधून, 'दो' म्हणजे जरी, 'रफ' म्हणजे खरखरीत, 'कॉफ' म्हणजे खोकला, 'बाउ' म्हणजे झाडाची फांदी, 'डो' म्हणजे मळलेलें पीठ, 'प्लाउ' म्हणजे नांगर, 'थॉट' म्हणजे विचार. लेखनांत चारही अक्षरें जागच्या जागीं. उच्चार मात्र कोठें ऊ, कोठें ओ, कोठें आउ, आणि कोठें चक्क फ! विद्यार्थी नियम विचारतो, उत्तर मिळतें, "पाठ कर."

हें उत्तर सर्वांसच सारखें जाचतें असें नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत तेलंगणाच्या सीमेजवळ झरी जामणी तालुका आहे. तेथील कित्येक घरांत कोलामी किंवा गोंडी या द्राविड कुळांतल्या बोली चालतात. अशा घरच्या मुलास मराठी ही शाळेंत भेटणारी भाषा, आणि इ. स. २००० पासून महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाल्यामुळें तीहि त्याच वयांत पुढें उभी राहते. पुण्यामुंबईच्या मुलास घरीं कोणी तरी सांगणारें असतें. येथल्या मुलास तसें कोणी नसलें, तर अक्षरांची विसंगति तो आपल्या बुद्धीचा दोष समजून बसतो. वास्तविक तो दोष त्याचा नव्हे, शिक्षकाचाहि नव्हे. तो इतिहासाचा आहे, आणि इतिहास सांगतां येतो.

हीं अक्षरें एके काळीं मुकीं नव्हतीं. जुन्या इंग्रजींत त्या जागीं घशांतून घासून येणारा एक वर्ण होता. उर्दू बोलणारा 'ख़बर' म्हणतांना जो उच्चार करतो, त्याच्या जवळचा. तो एकट्या 'एच्'नें लिहीत. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि पुढें फ्रेंच वळणाच्या लेखकांनीं त्या वर्णासाठीं 'जी-एच्' ही जोडी रूढ केली. इ. स. १४७६ त कॅक्स्टननें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. छापील लेखनास स्थैर्य येत गेलें, आणि नेमका त्याच सुमारास व नंतरच्या दोन शतकांत लंडनच्या बोलींतून तो वर्ण नाहींसा झाला. कांहीं शब्दांत त्याचा 'फ' झाला, बाकीच्यांत तो निःशब्द विरला. भाषा पुढें गेली आणि खिळे मागें राहिले.

पण हीं अवशेषरूप अक्षरें नुसतीं अडगळ नव्हेत. 'डॉटर' म्हणजे मुलगी, या शब्दांतहि हा न उच्चारलेला 'जी-एच्' आहे. त्याच्या शेजारीं आपला 'दुहिता' ठेवून पाहावा. आपल्या शब्दांतला 'ह' आणि त्यांचा तो मुका 'जी-एच्' एकाच मूळ वर्णाचे वंशज आहेत. 'नाइट' म्हणजे रात्र. तेथला 'जी-एच्' म्हणजे संस्कृत 'नक्त' यांतल्या 'क'चा दूरचा भाऊबंद. जर्मन माणूस रात्रीस 'नाख्ट' म्हणतो, तेव्हां तो वर्ण अजून ऐकूं येतो.

सर्वच मुकीं अक्षरें मात्र अशीं कुलीन नाहींत. 'डिलाइट' म्हणजे आनंद; हा शब्द फ्रेंचमधून आला, तेव्हां त्यांत 'जी-एच्' नव्हता. 'लाइट'च्या संगतीनें तो त्यास चिकटला. 'हिकप' म्हणजे उचकी. तिचा संबंध कोणी खोकल्याशीं लावला, आणि त्या गरीब शब्दाच्या शेवटीं विनाकारण ओ-यू-जी-एच् येऊन बसला! आमच्या मतें या तोतयांना पदच्युत करण्यास हरकत नव्हती. परंतु लेखनसुधारणेस यश येतें तें क्वचितच. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं इ. स. १९०६ मध्यें सरकारी छापखान्यास ३०० शब्द सोप्या रीतीनें छापण्याची आज्ञा केली. 'थ्रू' आणि 'दो' त्यांत होते. वर्तमानपत्रांनीं थट्टा केली, विधिमंडळ आडवें आलें, आणि वर्ष संपण्यापूर्वींच आज्ञा मागें घ्यावी लागली.

आम्हां मराठी लोकांस इंग्रजांना हंसण्याचा अधिकार कितपत आहे? 'ज्ञ' लिहून आपण 'द्न्य' म्हणतों. 'ष' आणि 'श' बहुतेकांच्या मुखांत एक झाले आहेत. 'नांव', 'दांत', 'पांच' यांवरचा अनुस्वार कोणी उच्चारीत नव्हतें, तरी 'नाम', 'दन्त', 'पञ्च' यांची तेवढी खूण तो वाहत होता. इ. स. १९६२ च्या नियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. मुलांचे श्रम वांचले, हें खरें. प्रस्तुत लेखांत ते आम्हीं ठेवले आहेत, तो केवळ जुन्या वळणाचा लोभ. कोंकणी बोलणारा मनुष्य अजून 'तें', 'केलें' हे शब्द नाकांतून उच्चारतो, हें मात्र ध्यानांत घेण्यासारखें आहे.

शिक्षकानें ही गोष्ट सांगावयाची तर आरंभ लंडनपासून कशाला? झरी हें नांवच फळ्यावर लिहावें. 'माझा' आणि 'माझी' या दोन शब्दांत 'झ' एकच, उच्चार दोन. झरीचा 'झ' हा 'माझा'मधला. इंग्रजींत तें 'झेड'नें लिहावें कीं 'जे-एच्'नें, हा प्रश्न मुलांसच टाकावा. ज्या मुलाच्या घरीं कोलामी चालते, त्यानेंहि हे दोन 'झ' कोणताहि नियम न शिकतां कानानें उचललेले असतात. 'रफ' आणि 'दो' त्यानंतर फळ्यावर यावे.