पर्यटक पास, यूरोपीय नगरांतील

यूरोपातील मोठ्या नगरांत अल्पकाळ मुक्काम करणाऱ्या प्रवाशांना ठराविक मुदतीत सार्वजनिक वाहनांतून हवा तितका प्रवास करण्याची अथवा अनेक संग्रहालये व स्मारके पाहण्याची मुभा देणारे, आगाऊ मूल्य भरून घ्यावयाचे पत्र. वाहतूक पास, संग्रहालय पास आणि दोहोंचा समावेश असलेला नगर-पास असे त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत. आज हे पास पर्यटन-व्यवसायाचे अंग मानले जात असले, तरी त्यांच्या मागील व्यवस्था पर्यटकांसाठी निर्माण झालेली नाही. कामगाराला स्वस्तात कामावर पोहोचता यावे आणि राष्ट्राची कलासंपत्ती सर्वांना पाहता यावी, या दोन सार्वजनिक मागण्यांतून ती घडत गेली. या सोयींचा खर्च प्रवाशाने, मालकवर्गाने की राज्याने सोसावा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक नगराने वेगळे दिले. त्यामुळे एका नगरात लाभदायक ठरणारा पास दुसऱ्या नगरात निरुपयोगी ठरतो. पॅरिस व लंडन ही याची ठळक उदाहरणे होत.

वाहतूक पास : ठरलेल्या मार्गावर ठरलेल्या भाड्याने धावणाऱ्या नगर-वाहनांचा पहिला प्रयोग पॅरिसमध्ये १६६२ च्या मार्चमध्ये सुरू झाला. गणितज्ञ व तत्त्वचिंतक ब्लेझ पास्काल याच्या कल्पनेतून निघालेल्या या गाड्यांचे भाडे पाच सू होते. तथापि सैनिक, गणवेशधारी नोकर व अंगमेहनत करणारे यांना त्यांत बसण्यास पॅरिसच्या उच्च न्यायसभेने मनाई केली. ही सेवा काही वर्षांतच बंद पडली. पुढे १८२८ मध्ये पॅरिसला आणि १८२९ मध्ये लंडनला घोड्यांच्या ऑम्निबसगाड्या सुरू झाल्या. पण त्यांचे भाडेही श्रमिकांना सहज परवडणारे नव्हते.

हे चित्र रेल्वेमुळे पालटले. ब्रिटनमध्ये १८८३ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांवर कामगारांसाठी स्वस्त गाड्या सोडण्याचे बंधन घातले. पॅरिसची मेट्रो १९ जुलै १९०० रोजी सुरू झाली, तेव्हा तिचे पहिल्या वर्गाचे भाडे २५ सांतीम व दुसऱ्या वर्गाचे १५ सांतीम होते. मात्र सकाळी नऊपूर्वी निघणाऱ्यास २० सांतीममध्ये जाण्यायेण्याचे तिकीट मिळे. अंतर कितीही असले, तरी भाडे एकच हे या मेट्रोचे वैशिष्ट्य होते. मेट्रोतील पहिला वर्ग १९९१ मध्ये रद्द झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली व एकाच दिवसात आगगाडी, मेट्रो आणि बस यांची निरनिराळी तिकिटे काढण्याची पाळी नोकरदारांवर आली. यावर उपाय म्हणून हँबर्गमध्ये १९६५ साली विविध वाहतूक संस्थांचा संघ स्थापन होऊन एकाच तिकिटाची पद्धत रूढ झाली. फ्रान्समध्ये १९७१ च्या कायद्याने पॅरिस विभागातील मालकांवर वाहतूक कर बसविण्यात आला आणि त्या आधारावर १ जुलै १९७५ रोजी ‘कार्त ऑरांझ’ हा छायाचित्रयुक्त पास प्रचारात आला. मेट्रो, बस व उपनगरी रेल्वे या सर्वांना तो चाले. १९८२ पासून त्याच्या किंमतीचा अर्धा भाग मालकाने देणे सक्तीचे झाले. त्याची जागा पुढे ‘नाव्हिगो’ या इलेक्ट्रॉनिक कार्डाने घेतली.

लंडनमध्ये हाच प्रश्न न्यायालयात गेला. १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने स्थानिक करांतून भरपाई करून भाडी सुमारे एकतृतीयांशाने उतरविली. पण ब्रॉम्ली या उपनगरी बरोने दावा लावल्यावर हाउस ऑफ लॉर्ड्‌सने त्याच वर्षीच्या डिसेंबरात ही कपात बेकायदा ठरविली आणि १९८२ मध्ये भाडी जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतरच्या तडजोडीतून १९८३ मध्ये क्षेत्रविभागांवर आधारलेले ‘ट्रॅव्हलकार्ड’ निघाले. २००३ मध्ये ‘ऑयस्टर’ कार्ड आले. पुढे त्यावर दैनिक भाड्याची कमाल मर्यादा घालण्यात आली आणि २०१४ पासून भुयारी रेल्वेत बँकेचे स्पर्शविरहित कार्डही चालू लागले.

संग्रहालय-प्रवेश : ब्रिटिश म्यूझियम १७५९ मध्ये खुले झाले. प्रवेश विनामूल्य असला, तरी आगाऊ लेखी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे. १० ऑगस्ट १७९३ रोजी उघडलेल्या लूव्हर संग्रहालयात क्रांतिकालीन दहा दिवसांच्या आठवड्यातील काही दिवस चित्रकारांसाठी राखलेले असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वसामान्यांना तेथे मुख्यतः रविवारी प्रवेश मिळे. परदेशी प्रवासी मात्र पासपोर्ट दाखवून इतर दिवशीही आत जाऊ शकत. पहिल्या महायुद्धाने फ्रान्सची तिजोरी रिती झाल्यावर १९२२ पासून लूव्हरमध्ये शुल्क घेण्यास प्रारंभ झाला.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या जानेवारीत राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेशशुल्क लावण्यात आले. परंतु सत्तांतरानंतर तीन महिन्यांतच ते उठले. १९८० नंतरच्या दशकात काही संस्थांनी पुन्हा शुल्क सुरू केले. ब्रिटिश म्यूझियम व नॅशनल गॅलरी यांनी ते कधीच पुन्हा स्वीकारले नाही आणि डिसेंबर २००१ मध्ये सर्वच राष्ट्रीय संग्रहालयांचे कायम संग्रह विनामूल्य झाले. फ्रान्सने शुल्क कायम ठेवून सवलतींचा मार्ग पत्करला. पॅरिस व परिसरातील संग्रहालये आणि स्मारके यांचा एकत्रित पास १९८८ मध्ये निघाला. ‘पॅरिस म्यूझियम पास’ हे त्याचेच आजचे रूप होय. नेदर्लंड्‌समध्ये १९८१ पासून देशभर चालणारे वार्षिक संग्रहालय-कार्ड आहे. ते मुख्यतः रहिवाशांना सोयीचे असते.

निवडीची तत्त्वे : या इतिहासावरून अल्पमुदतीच्या प्रवाशाने पास कसा निवडावा, हे स्पष्ट होते. लंडनमध्ये प्रमुख संग्रहालये विनामूल्य असल्याने, टॉवर ऑफ लंडन किंवा वेस्टमिन्स्टर ॲबी यांसारखी अनेक सशुल्क स्थळे पाहावयाची नसतील, तर नगर-पासचा फायदा थोडा. वाहतुकीच्या बाबतीत दैनिक मर्यादा आपोआप लागू होते, म्हणून आगाऊ हिशेबाची गरज उरत नाही. केवळ दिवसभर एकच कार्ड वापरावे लागते.

पॅरिसमध्ये हिशेब आवश्यक ठरतो. प्रथम पाहावयाच्या स्थळांची यादी करून त्यांच्या स्वतंत्र तिकिटांची बेरीज पासच्या किंमतीशी ताडून पाहावी. संग्रहालय पासची मुदत सलग मोजली जाते, त्यामुळे सुटीचे वार ध्यानात घ्यावे लागतात : लूव्हर मंगळवारी, तर ऑर्से संग्रहालय व व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो. लूव्हर व सेंत शापेल येथे पासधारकालाही प्रवेशाची वेळ आगाऊ राखून ठेवावी लागते. लूव्हरमध्ये अठरा वर्षांखालील सर्वांना, तर सव्वीस वर्षांखालील यूरोपीय आर्थिक क्षेत्रातील रहिवाशांना प्रवेश मोफत असतो. अशांना संग्रहालय पास घेण्याचे फारसे प्रयोजन नाही. नाव्हिगोचा साप्ताहिक पास सोमवार ते रविवार असा चालतो. सोमवारी आलेल्यास तो लाभतो, गुरुवारी आलेल्यास बहुधा परवडत नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या पासप्रमाणेच तो रोज ठरलेल्या वेळी प्रवास करणाऱ्या नोकरदारासाठी आखलेला आहे, हे त्याचे कारण होय.

परदेशी प्रवाशाचे स्थान : पर्यटकांची संख्या वाढल्यावर ही सोय नेमकी कोणाची, हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. एस्टोनियाच्या टॅलिन राजधानीने २०१३ मध्ये सार्वजनिक वाहतूक मोफत केली, ती केवळ नोंदणीकृत रहिवाशांसाठी. लक्सेंबर्गने २०२० मध्ये देशभरातील वाहतूक मोफत केली, ती मात्र परदेशी पाहुण्यांसह सर्वांसाठी; केवळ रेल्वेच्या पहिल्या वर्गाला शुल्क ठेवले. लूव्हरने नोव्हेंबर २०२५ मध्ये यूरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील प्रौढ अभ्यागतांचे शुल्क जानेवारी २०२६ पासून ३२ यूरो करण्याचा निर्णय घेतला. भारतीय पर्यटकही या वर्गात मोडतात. दोन शतकांपूर्वी याच संग्रहालयात परदेशी पासपोर्ट हा अधिक दिवसांच्या प्रवेशाचा परवाना होता. या निर्णयाने तो अधिक शुल्काचा निकष बनविला.