टेनिसची बदलती भूमि

लॉन टेनिस या नांवांतच हिरवळ आहे; परंतु चार मोठ्या स्पर्धांपैकीं ती आज एकट्या विंबल्डननें राखली आहे. या खेळाचा इतिहास पुष्कळसा पायांखालच्या जमिनीनेंच घडविला आहे.

राजेरजवाड्यांचें जुनें टेनिस चार भिंतींच्या आंत, फरशीवर चाले. त्या वेळचा केस व लोकर भरलेला चेंडू गवतावर टाकला असतां जागींच बसे. १८३० सालीं एडविन बडिंग यानें गवत कापण्याचें यंत्र काढलें, पुढें गंधकाच्या संस्कारानें रबर टिकाऊ झालें, आणि सपाट हिरवळ व उसळता चेंडू यांची गांठ पडली. १८७४ सालीं मेजर वॉल्टर विंगफील्ड यानें आपल्या खेळाचें पेटंट घेतलें. १८७७ सालीं विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली, तीही क्रोके खेळणाऱ्या मंडळाच्या हिरवळीवर. पाहुण्यानें यजमानालाच मागें सारलें!

इंग्लंडच्या ओल्या हवेंत वाढणारें हें गवत दक्षिण फ्रान्सच्या उन्हांत करपून जाई. तेव्हां १८८० च्या सुमारास रेनशॉ बंधूंनीं कान येथें फुटक्या कुंड्यांची पूड त्यावर पसरली, असें सांगतात. तांबड्या मैदानाचा उगम असा कुंभाराच्या खापरांत आहे. पॅरिसचें रोलां गारोस १९२८ सालीं उभें राहिलें. तेथें खडी व चुनखडी यांच्या थरांवर विटांची पूड असते, तीही दोन मिलिमीटरांहून जाड नव्हे. मातीचें म्हणून प्रसिद्ध असलेलें हें मैदान वरून तरी भाजलेल्या विटेचेंच आहे.

गवतावर चेंडू घसरतो, ठेंगणा उसळतो व प्रतिपक्ष्यास सवड देत नाहीं. विटेच्या पुडीवर तो घर्षणानें अडतो आणि उंच चढतो. म्हणूनच विंबल्डन सात वेळां जिंकणाऱ्या पीट सॅम्प्रासला पॅरिसची अंतिम फेरीसुद्धां गांठतां आली नाहीं. उलट राफेल नादालनें तेथें चौदा वेळां विजय मिळविला. ब्यॉन बोर्गनें १९७८ ते १९८० या तिन्ही वर्षीं दोन्ही स्पर्धा जिंकल्या. मध्यें अंतर काय तें दोन आठवड्यांचें! हा पराक्रम त्याच्या इतर सर्व विजयांहून थोर मानावयास हवा.

हिरवळीचा पाडाव मात्र तांबड्या मैदानानें केला नाहीं, हिशेबानें केला. गवताला कापणें, पाणी, विश्रांति, सारेंच लागतें. डांबरावर किंवा काँक्रीटवर ॲक्रिलिकचा थर दिला कीं तें वर्षभर खेळावयास मोकळें. अमेरिकेची स्पर्धा १९७४ पर्यंत फॉरेस्ट हिल्सच्या गवतावर होई. १९७५ सालीं तेथें हिरवट माती आली आणि १९७८ सालीं स्पर्धा फ्लशिंग मेडोजच्या कठीण मैदानावर गेली. जिमी कॉनर्सनें ती १९७४, १९७६ व १९७८ सालीं, म्हणजे तिन्ही भूमींवर जिंकली. ऑस्ट्रेलियानें १९८८ सालीं गवत सोडलें.

विंबल्डनचें गवतही पूर्वींचें नव्हे. त्यांत फेस्क्यू जातीचा तीस टक्के भाग असे. २००१ पासून तेथें केवळ राय गवत लावतात. तें चिवट असतें, खालची जमीन कठीण राहते व चेंडू अधिक उंच येतो. पुढच्याच वर्षीं लेटन ह्युइट आणि डेव्हिड नाल्बांडियन यांनीं तेथील अंतिम सामना जवळजवळ सारा मागच्या रेषेवरूनच खेळून काढला.